मैदानाच्या मागच्या टोकाला शकीलभाई

शकीलभाई, यंदाही पोस्टरवरचं शेवटचं नाव झाकून ठेवलंय. तळवड्याच्या मैदानावर दर हिवाळ्यात होतो त्या रॉकच्या मेळ्याचं पोस्टर परवा आलं. वर सगळ्या बँडची नावं, आणि सगळ्यांत खाली, जिथे सगळ्यांत मोठी अक्षरं यायची, तिथे काळी पट्टी. झालं, लगेच सगळे ग्रुप पेटले. शेवटी कोण वाजवणार? कोणी म्हणतं मुंबईचे, कोणी म्हणतं बेंगळुरूचे, कोणी छातीठोकपणे सांगतं की आपल्याच पिंपरीचे. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले, तरी जुने लोक सवयीने लिहून जातात, 'शकीलभाईंना विचारा, त्यांना माहीत असणार.' मग खाली कोणीतरी आठवण करून देतं.

तुम्हाला माहीत असायचंच, मेळ्याचा साउंड तुमच्याकडे असायचा. कुठल्या बँडला किती माइक, किती प्लग, ड्रमला केवढी जागा, ही यादी सगळ्यांत आधी साउंडवाल्याच्या हातात पडते. म्हणून मेळा जवळ आला की पिंपरीतल्या तुमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात अचानक गिऱ्हाइकं वाढायची. एकाने तर चांगला चालू पंखा दुरुस्तीला आणला होता. तुम्ही तो शांतपणे उघडला, पुसला, तेल दिलं, परत बसवला, आणि नाव काही सांगितलं नाही. आमचा बापू तर हात धुऊन मागे लागायचा. "शकीलभाई, मराठी गानार का इंग्रजी, येवढं तरी सांगा की राव." तुम्ही तारेचं वेटोळं मोजत म्हणायचात, "सोळा प्लग लागणारेत. त्यात मराठी-इंग्रजी काय असतंय बापू?"

जे तुम्हाला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे तुमच्यादेखतच सांगते. मी अर्चना. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात गेज, समोर पार्ट. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. त्या लाल डब्याला सगळ्या कंपन्यांत रेड बिन म्हणतात. आम्ही पाच जणांनी बँड काढला तेव्हा हेच नाव सगळ्यांना एकदम पटलं, कारण पाचही जण कुठून ना कुठून नापास होऊन आलेले. मी गाते. बापू ड्रम वाजवतो. तो खेडजवळच्या गावातला, फोर्जिंग शॉपमध्ये तापलं लोखंड ठोकायचं काम करतो, आणि हॅमरच्या ठोक्यावर ताल शिकलो असं खुशाल सांगतो. तुम्ही आमच्या बँडमध्ये कधीच नव्हता. तरी आमचं जे काही नाव आहे ते तुम्ही केलेलं आहे, आणि एकदा ते वाचवलेलंही आहे. हे दुसरं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आपली पहिली भेट आमच्या कंपनीच्या फॅमिली डेला झाली. साउंड तुमचा होता. मी गायले, टाळ्या पडल्या, मी हवेत. खाली उतरले तर तुम्ही वायरी गुंडाळत होता. वर न बघता म्हणालात, "मॅडम, मी पार मागे भेळेच्या गाडीजवळ उभा होतो. तुझ्या शब्दांची पहिली अक्षरं येतात तिथपर्यंत. शेवटची पुढच्या खुर्च्यांतच बसून राहतात." मला इतका राग आला. कोण हा माणूस, आणि एका दमात मॅडम आणि तू? आई-बाबा लातूरहून आले तेव्हापासून आमच्या घरात कोणी माझ्या गाण्याला नावं ठेवली नव्हती, कारण कोणी ऐकलंच नव्हतं. घरी येऊन पिंपळे गुरवच्या गच्चीवर मोबाइल एका टोकाला ठेवला, दुसऱ्या टोकाला जाऊन गायले आणि रेकॉर्डिंग ऐकलं. तुम्ही बरोबर होता. तीन महिने मी शब्दांची शेवटची अक्षरं घासत बसले. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, पोरीला काही बोलण्याचा त्रास आहे का म्हणून.

साउंडवाले सहसा आपलं मशीन सोडत नाहीत. तुम्ही मात्र प्रत्येक बँडच्या वेळी दोन गाणी झाली की हेडफोन काढून ठेवायचात आणि सरळ मैदानाच्या मागच्या टोकाला चालत जायचात. ऑम्लेट-पावच्या गाड्यांपाशी उभं राहायचात, हाताची घडी घालून. "पुढचे काय, तुझ्या ओळखीचेच असतात," तुम्ही म्हणायचात. "ते माझ्या टेबल फॅनवरही नाचतील. मागचा माणूस बघ. तो पावात अंडं घालून घ्यायला आलेला असतो. त्याने घास हातात धरून ऐकलं तर समज." आणि बँडचं नाव होतं कुठे, याबद्दलही तुमचं ठाम मत होतं. स्टेजवर होत नाही, पोस्टरवर तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, अर्धवट झोपेतली माणसं एकमेकांना काय सांगतात, तिथे होतं.

आपल्या गर्दीचा तुम्हाला केवढा अभिमान होता. पुण्याकडचे बँड यायचे, मैदान बघून जरा नाक मुरडायचे. कामगार पब्लिक आहे म्हणायचे. तुम्ही लगेच कान टवकारायचात. "सेफ्टी शूज घालून एवढी उंच उडी मारणारं पब्लिक दाखवा दुसरीकडे," तुम्ही त्यातल्या एकाला म्हणाला होता. "त्या बुटाच्या पुढे लोखंड असतंय. उचलून बघा एकदा." त्याने खरंच बूट उचलून बघितला होता. पहिल्या पाळीतून सुटून, अंगावर कंपनीचा शर्ट, ओळखपत्र खिशात कोंबलेलं, अशी ती शेकडो पोरं धुरळा उडवत नाचायची. आणि हल्ली पोरीही. पॅकिंग लाइनच्या, वायरिंगच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. मी स्टेजवरून ते बघायचे तेव्हा माझा ऊर भरून यायचा, आणि तुम्ही मागून बघायचात तेव्हा तुमचाही, हे तुम्ही कबूल केलं नाहीत तरी मला माहीत आहे.

आता आपलं भांडण.

दोन वर्षांपूर्वी त्या काळ्या पट्टीखालचं नाव आमचं होतं. तुम्हाला आमच्याही आधी कळलं होतं आणि तुम्ही आम्हालाही सांगितलं नव्हतं. आयोजकांचा फोन आला, मी धावत दुकानात आले, वाटलं तुम्ही उठून नाचाल. तुम्ही म्हणालात, "शेवटचं नको घेऊस. साडेसातचं माग."

मला कळेना. तुम्ही बोटावर हिशेब मांडला. मेळा रविवारी, कारण पुण्याला सुट्टी रविवारी. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणजे शेवटचा बँड नऊ ते दहा. आणि तिसऱ्या पाळीच्या बसेस सव्वानऊपासून चौकात लागतात. पहिल्या पाळीवाल्यांना पहाटे साडेचारला उठायचंय, तेही त्याच सुमाराला पांगतात. "बाहेरच्या बँडचं पब्लिक गाड्या घेऊन येतं, ते थांबेल," तुम्ही म्हणालात. "आपलं पब्लिक बसचं आहे. साडेसातला घे, मैदान फाटेल. तोच खरा शेवट. त्यानंतर कोणी का वाजवेना."

हे मला सुचायला हवं होतं. मी स्वतः पाळीत काम करते, मला बसच्या वेळा झोपेतही पाठ आहेत. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती मोठी अक्षरं होती. मी तुम्हाला काय काय बोलले. म्हणाले, आयुष्यभर आम्ही कोणाच्या तरी आधीच वाजवायचं का? म्हणाले, या मैदानावर आजवर एकाही बाईचा बँड शेवटी वाजलेला नाही, आणि आता मिळतंय तर तुम्हीच आडवे येताय. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुझं म्हणणं बरोबर आहे. पण बस तुझं म्हणणं ऐकत नाही."

मी तणतणत निघून गेले. बापू तेव्हा तुमच्या बाजूने होता. "व्हय अर्चना, भाई बराबर बोलत्यात. आमच्या शॉपची निम्मी पोरं थर्डला हायेत," असं म्हणाला, तर मी त्यालाही गप्प केलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पट्टी निघाली, आमचं नाव झळकलं, चार दिवस मी जमिनीवर नव्हते. नऊला आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा मैदान खचाखच होतं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर मागच्या कडेला हालचाल दिसली. मग ती कड आत सरकायला लागली. लोक पाठ करून चालत होते आणि मी गात होते. आमचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, रेड बिनमधल्या पार्टचं, आम्ही शेवटाला ठेवलं होतं. ते सुरू झालं तेव्हा समोर पुढच्या दहा-बारा रांगा होत्या आणि त्यामागे मोकळं मैदान, चुरगळलेले कागद. कोणीतरी नेमकं तेव्हाच शूटिंग केलं. सकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं. 'रेड बिनला पब्लिक सोडून गेलं.' ज्या सकाळच्या बसमध्ये नाव होतं असं तुम्ही म्हणायचात, त्याच बसमध्ये मी तोंड लपवून बसले होते.

त्या दुपारी तुमचा ग्रुपवर व्हॉइस मेसेज आला. तुम्ही ग्रुपवर कधी बोलत नसायचात म्हणून सगळ्यांनी ऐकला. तुम्ही म्हणाला होता, "पोरांना नावं ठेवू नका. साउंड माझ्याकडून गंडला. मागे आवाज पोचतच नव्हता. ऐकूच येईना तर माणूस थांबेल कशाला? चूक माझी आहे."

मला माहीत होतं हे खोटं आहे. बापूलाही माहीत होतं. तो फोन करून म्हणाला, "भाईंनी आपल्यासाठी अंगावर घेतलं गं. काय करायचं?" मी म्हणाले, बघू. आणि काही केलं नाही. दोन दिवसांत वारं फिरलं. बिचाऱ्या रेड बिनचा साउंडने घात केला, असं लोक म्हणायला लागले. मला सहानुभूतीचे मेसेज आले आणि मी त्यांना हात जोडल्याची चित्रं पाठवली. शकीलभाई, मी एकेका पार्टचा दोष लिहून खाली सही करते, हा माझा पगाराचा धंदा आहे, आणि माझ्या स्वतःच्या चुकीवर मी तुमची सही चालवून घेतली.

पुढच्या वर्षी मेळ्याचा साउंड बाहेरच्या कंपनीला गेला. आणखी दोन बँडनी तुम्हाला बोलावणं बंद केलं. मी एकदा दुकानात आले होते, आठवतं? सगळ्यांना खरं सांगते म्हणाले. तुम्ही पंप उघडून बसला होता. "राहू दे," म्हणालात. "साउंडवाल्याचं नाव कोणी पोस्टरवर छापतं का? जे छापलंच नाही ते खराब कसं होणार? तुमचं छापतात. तुमचं जपायला पाहिजे." मग मला स्क्रू ड्रायव्हर धरायला लावलात आणि विषय मोटारीवर नेलात. मी वाद घालायला हवा होता. खरं सांगू, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून घातला नाही. आता घालते. तुमचं म्हणणं चूक होतं. तुमचं नाव होतं. पट्टीखाली कोण आहे हे विचारायला अख्खं शहर ज्या माणसाच्या दुकानात चालू पंखे घेऊन यायचं, त्याला नाव नव्हतं म्हणता?

गेल्या वर्षी आम्ही साडेसातला वाजवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मैदान फाटलं. लोकांनी गाणं आमच्या तोंडून काढून घेतलं, शेवटचं कडवं मी गायलेच नाही, नुसती उभी राहिले. तुम्ही आला होता. मशीनवर दुसरंच कोणी, आणि तुम्ही आपले मागच्या टोकाला, ऑम्लेटच्या गाडीपाशी, हाताची घडी घालून. मी स्टेजवरून तुमचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. तोंडाशी आलं होतं. पण लोक इतके खूश होते की जुनी गोष्ट उकरावीशी वाटली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "अक्षरं सगळी आली. शेवटचीसुद्धा." तुमच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी ऐकलेली नाही.

या आठवड्यात आयोजकांचा फोन आला. यंदा शेवटचं घ्या म्हणाले, आता तुमचं नाव तेवढं झालंय. मी साडेसातचं मागितलं. तेव्हा पट्टीखाली कोण आहे ते मला कळलंय, आणि ते मी बापूलाही सांगितलेलं नाही. तो सारखा विचारतोय. मी म्हटलं, प्लग वीस लागणारेत.

चार दिवसांपूर्वी नजमाभाभींनी मला तुमच्या घरी बोलावलं. तुमचा फोन त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, "यांच्या आवाजाचं काही सापडतं का बघ गं यात. फोटो पुष्कळ आहेत. आवाज नाही." ग्रुपवरचा तो व्हॉइस मेसेज होता, पण त्यातलं खोटं मला त्यांना ऐकवायचं नव्हतं. मी फोन घरी आणून दोन दिवस शोधत बसले. तुमच्या फोनमध्ये सगळ्यांचे आवाज आहेत, तुमचा सोडून. मैदानाच्या मागच्या टोकाला उभं राहून तुम्ही प्रत्येक बँडची दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवलीत, मला याचा पत्ताच नव्हता. मधेमधे बिघडलेल्या मोटारींची घरघरही आहे, बहुतेक गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून. तुम्ही कुठेही एक शब्द बोललेला नाहीत. आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं रेकॉर्डिंग निघालं.

सुरुवातीला मी गाताना ऐकू येते. स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मग पायांचे आवाज, माणसं जवळून चाललीत. कोणीतरी म्हणतं, "चल रं, बस लागली." दुसरा म्हणतो, "हे गाणं तरी हू दे की." तुम्ही चालताय, कारण गाणं थोडं मागे पडतं आणि इंजिनाचा आवाज पुढे येतो. मग तुमचा आवाज, बसच्या ड्रायव्हरशी बोलताना.

"दादा, पाच मिनिटं थांबाल का? एकच गाणं राहिलंय. आमची पोरगी गातीय."

"न्हाई जमायचं, भाऊ. माणसांचं पंचिंग हाय. उशीर झाला तर त्यांचा अर्धा दिवस जातोय."

"तीन मिनिटं."

"न्हाई ओ. मलाबी ऐकायचंय, पर काय करू?"

मग म्हणता, "बरं. मग खिडक्या तरी उघड्या ठेवा. जाईपर्यंत ऐकू देत त्यांना."

काचा सरकवल्याचे आवाज येतात, एकामागून एक. बस निघते. आतली माणसं माझं गाणं म्हणत निघालीत, ओरडून, बेसूर, आणि बस लांब जाईपर्यंत ते ऐकू येतं. मला सोडून गेलेलं पब्लिक ते हेच. हे तुमच्या खिशात होतं. हे एकदा ग्रुपवर टाकलं असतंत तरी तुमचंही नाव राहिलं असतं आणि आमचंही. पण मग लोकांनी विचारलं असतं की वेळ कोणी निवडली, आणि उत्तर माझं नाव होतं. म्हणून तुम्ही ते कोणाला ऐकवलं नाहीत.

काल मी ते त्याच ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं की साउंड उत्तम होता, बसच्या आतपर्यंत पोचत होता. लोक गेले कारण शकीलभाई नको म्हणत असताना मी हट्टाने ती वेळ घेतली. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी दोन वर्षं ते चालू दिलं. आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. काही लोक मला बोलले, ते बोलायलाच हवे होते. बरेच जण मात्र फक्त ऐकत बसले.

ग्रुपवर टाकण्याआधी मी फोन घेऊन भाभींकडे गेले होते. त्यांना पलंगावर बसवलं आणि ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा झाल्यावर फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "बघ, त्या ड्रायव्हरच्या विनवण्या करतायत, तरी किती हळू बोलतायत. तुझ्या गाण्याच्या मधे येऊ नये म्हणून."